लिंबूवर्गीय झाडांवरील कोळी

लिंबू, मोसंबी, संत्रे, ईडलिंबू अशा झाडांच्या पानांतला आणि फळांच्या सालीतला रस शोषणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे अष्टपाद वर्गातील जीव. कोळी हे कीटक नव्हेत. फवारणीतली निम्मी फसगत इथूनच सुरू होते, कारण कीटकांवर चालणारी बरीच औषधे कोळ्यांवर चालत नाहीत. उलट कोळी खाणारे मित्रजीव मात्र मारून टाकतात.

लिंबूवर्गीय फळांच्या मोठ्या बागा विदर्भ-मराठवाड्यात. ठाणे आणि नवी मुंबईत प्रश्न असतो तो सोसायटीच्या आवारातल्या किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेल्या कुंडीतल्या कागदी लिंबाचा. वाशीच्या घाऊक बाजारात नागपुरी संत्री येतात, त्यांतल्या काहींच्या सालीवर तपकिरी, खरबरीत चट्टे असतात. शेतकरी याला ‘लाल्या’ म्हणतात. आतल्या गराचे फारसे बिघडत नाही, भाव मात्र पडतो.

लाल्याचा कोळी एक मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाएवढा, पिवळसर, पाचरीच्या आकाराचा असतो आणि त्याला चारच पाय असतात. दहापट भिंगाशिवाय तो दिसत नाही. संत्र्यावर त्याचे डाग तपकिरी ते काळे पडतात, लिंबाची साल मात्र चंदेरी होते. लाल कोळी त्याहून मोठा. त्याने रस शोषला की पानावर बारीक फिकट ठिपके उठतात आणि पान हळूहळू राखाडी, निस्तेज दिसू लागते. तिसरा पिवळा कोळी. हा कोवळ्या पालवीवर येतो. पाने अरुंद होऊन वळतात. मिरचीचा चुरडा-मुरडा ज्यांच्यामुळे होतो त्यांत हाही असतो आणि पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटून तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. त्यामुळे बाल्कनीत मिरची आणि लिंबू शेजारी-शेजारी ठेवणे शहाणपणाचे नाही.

ओळख पटवायला पांढरा कागद पुरतो. संशयित फांदी कागदावर झटकायची आणि मिनिटभर थांबायचे. ठिपके चालू लागले तर ते कोळी. बोटाने चिरडल्यावर लालसर रेघ उमटली तर बहुधा लाल कोळी. पानात नागमोडी चंदेरी रेषा असेल तर ती नागअळी, देठाभोवती फळावर गोल कडे असेल तर फुलकिडे, आणि पिवळ्या वलयाचे खडबडीत, उठावदार डाग असतील तर खैऱ्या हा रोग. या तिन्हींना कोळीनाशक मारून पैसे वाया घालवणारे कमी नाहीत.

लाल कोळ्याला कोरडी हवा आणि धूळ मानवते. घोडबंदर रोडसारख्या वर्दळीच्या, सतत कामे चालू असलेल्या रस्त्यालगतच्या झाडांवर ऑक्टोबरच्या उन्हात आणि पुन्हा फेब्रुवारी ते मे या काळात तो वाढतो. धुळीने माखलेल्या पानावर त्याला खाणारे जीव नीट वावरू शकत नाहीत. जूनपासूनचा पाऊस उघड्यावरचे झाड धुऊन काढतो, आणि दमट हवेत एक बुरशी लाल्याच्या कोळ्यांना मारते. छताखालच्या कुंडीला यातला पाऊस मिळतच नाही. म्हणून बाल्कनीतल्या झाडाचा त्रास भर श्रावणातही सुटत नाही. पिवळ्या कोळ्याला तर दमट सावली आवडतेच.

उपायांत पहिला मान पाण्याचा. पानांच्या खालच्या बाजूने जोराचा फवारा, सकाळी, आठवड्यातून दोन-तीनदा. एवढ्याने घरचे लिंबू बहुधा सावरते. न सावरल्यास लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून संध्याकाळी फवारावे. लाल्यावर ८० टक्क्यांचे पाण्यात मिसळणारे गंधक, लिटरला ३ ग्रॅम, हा जुना आणि चांगला उपाय आहे. मात्र पारा ३२ अंशांच्या वर असताना ते पाने भाजते, आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी ते वापरू नये. ठाण्यात मार्चनंतर गंधकाला योग्य दिवस शोधावेच लागतात. डासांचा स्प्रे झाडावर मारणे हा सर्वांत वाईट उपाय. त्यातली पायरेथ्रॉइड गटातली औषधे कोळ्यांनाच खाणारे भक्षक कोळी आणि इवल्या काळ्या ढालकिड्यांचा नायनाट करतात, आणि महिनाभरात रस शोषणारे कोळी दुप्पट जोमाने परततात.

जुन्या पुस्तिकांत डायकोफॉल या कोळीनाशकाची शिफारस अजून सापडते. या औषधाचा समावेश २०१९ मध्ये स्टॉकहोम करारातील (दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) बंदीच्या यादीत झाला आणि २०२३ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. घरात जुनी बाटली पडून असली तरी ती वापरू नये.