जुनी गाडी घेतलीत? पाना हातात घ्यायच्या आधी हे वाचा

आपल्या बडोद्यात जुनी गाडी घेतली की पहिला प्रश्न किलोमीटरचा नाही, पाण्याचा. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदीनं किती गाड्या बुडवल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय आणि त्यातल्या बऱ्याच धुवूनपुसून परत बाजारात आल्या. म्हणून आधी सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते का बघा, मग स्टेपनीचा खड्डा आणि कार्पेटखाली हात घाला. इंजिन किंवा गिअरबॉक्सचं ऑइल चहात दूध पडल्यासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही, आधी आमच्या पार्टच्या दुकानात येऊन बोला.

"मागच्याच महिन्यात सर्व्हिस केलीय" असं आधीचा मालक सांगतोच, बिल नसेल तर झालीच नाही असं धरून चाला. इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, गिअर ऑइल, ब्रेक फ्लुइड सगळं एकदा नवं करा आणि तारीख नि किलोमीटर वहीत लिहा. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा ओढतं, डॉट 4 हा त्यातला एक प्रकार, तो नवा असताना निदान 230 अंशांना उकळतं, पाणी मुरलं की ते 155 पर्यंत उतरू शकतं, म्हणजे पावागडच्या उतारावर ब्रेक दाबत आलात की ते उकळून पेडल मऊ पडतं, ब्रेक नीट लागत नाही. हे फ्लुइड रंगावर सांडू देऊ नका, रंग उडतो.

गिअर ऑइल काढताना खालचा नाही, आधी वरचा भरायचा बोल्ट उघडा. मांजलपूरच्या एका दादांनी रविवारी सकाळी खालचा उघडून सगळं ऑइल काढून टाकलं, आणि वरचा बोल्ट गंजलेला, चुकीच्या पान्यानं त्याचे कोपरे गोल झाले, गाडी आठ दिवस अंगणात. त्या खालच्या, म्हणजे ड्रेन बोल्टचा वॉशर नवाच घाला, दहा-वीस रुपयांसाठी थेंब थेंब ऑइल गळतं, आणि बोल्ट जोर लावून आवळू नका, अॅल्युमिनियमचे आटे गेले की खर्च हजारांत.

नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच जायचं नाही, दोन्ही बाजूंना घोडी (गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड) लावा, मागच्या चाकाला वीट. गरम रेडिएटरचं झाकण तर मुळीच उघडू नका.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात ठेवणारा दातेरी पट्टा, मात्र पहिल्याच वेळी स्वतः नको, आम्ही पार्ट विकतो तरी हेच सांगतो. ह्युंदाई आय10 मध्ये 1.1 लिटरच्या इंजिनाला बेल्ट असतो, 1.2 ला चेन, त्यामुळे आधी तुमचं इंजिन कुठलं ते बघा. बेल्ट तुटला किंवा एक-दोन दात चुकून बसला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो आणि इंजिनाचं हेड (वरचा भाग) उतरवायची वेळ येते.

काढलेलं ऑइल गटारीत ओतू नका, ते नदीतच जातं. कॅनमध्ये भरून दुकानात आणा, त्याचं पिंप आम्ही वेगळं ठेवलंय. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा वॉशर-फिल्टर शनिवारीच घेऊन जा.