यूएक्स डिझाइन, वेब डेव्हलपमेंट आणि इलस्ट्रेशन

डिजिटल पडद्यावरची गोष्ट वापरायला कशी असावी हे ठरवणे, ती ब्राउझरमध्ये प्रत्यक्ष उभी करणे आणि तिच्यासाठी चित्रे काढणे, ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीने करण्याचा व्यवसाय. मोठ्या कंपन्यांत यूएक्स डिझायनर, फ्रंट-एंड डेव्हलपर आणि इलस्ट्रेटर अशी वेगवेगळी माणसे असतात. लहान टीममध्ये किंवा फ्रीलान्स कामात मात्र तिन्ही कामे बऱ्याचदा एकाच टेबलावर येतात. वेबसाइटमधल्या पुष्कळ चुका या तीन कामांच्या सांध्यांत राहतात. चित्र सुंदर असते, पण पान उघडायला वेळ लागतो. कोड नेटका असतो, पण बटण कुणाला सापडत नाही. तिन्ही बाजू जाणणाऱ्याला हे सांधे लवकर दिसतात आणि या व्यवसायाचे खरे मोल त्यातच आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी खुले केले. त्याच वर्षी डॉन नॉर्मन हे मानसशास्त्राचे अभ्यासक ॲपल या संगणक कंपनीत दाखल झाले. ‘यूझर एक्सपिरियन्स’ (वापरण्याचा अनुभव, म्हणजेच यूएक्स) हे शब्द पदनामात वापरणारे ते पहिल्या काही लोकांपैकी होते. सुरुवातीच्या वेबपानांवर मांडणीला फारसा वाव नव्हता. होकॉन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएस या पानाचे रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेची कल्पना मांडली, ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट ही पानात हालचाल आणणारी भाषा लिहिली आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली अधिकृत आवृत्ती आली. मजकूर, मांडणी आणि हालचाल वेगवेगळी हाताळता येऊ लागली. त्या काळी हे सगळे ‘वेबमास्टर’ नावाचा एकच माणूस सांभाळत असे. कामाची विभागणी नंतर झाली.

या कामाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र वेबच्या आधीचे आहे. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकासाठी सुझन केअर यांनी आयकॉन काढले. त्यांनी आलेखाच्या वहीत ३२ बाय ३२ चौकटी आखून घेतल्या. एकूण १,०२४ घरे, प्रत्येक घर एक तर भरायचे किंवा कोरे ठेवायचे. करडा रंग नाही, तिरकी रेघही पायऱ्यापायऱ्यांनीच काढायची. कमांड कळीसाठी त्यांना मेनूत बसेल असे लहान चिन्ह हवे होते. ते त्यांना चिन्हांच्या एका कोशात सापडले; स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवर ते वापरले जात असे. चित्रकाराचा हात, यंत्राची मर्यादा आणि बघणाऱ्याला काय कळेल याचा विचार, तिन्ही एकाच चौकटीत आले. ते चिन्ह आजही त्या कळीवर आहे.

रोजच्या कामाची सुरुवात बहुतेक वेळा चित्राने होत नाही. आधी वापरणाऱ्यांशी बोलणे, मग कागदावर कच्ची मांडणी म्हणजे वायरफ्रेम, मग क्लिक करता येईल असा प्रोटोटाइप म्हणजे कच्चा नमुना आणि त्याची चाचणी. जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानानुसार, एका व्यक्तीच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के दोष उघड होत असतील, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. यातला पाच हा आकडा फार सैलपणे वापरला जातो. वापरणाऱ्यांचे गट वेगवेगळे असतील तर पाच जण पुरत नाहीत. चाचणीत सर्वांत अवघड असते ते गप्प बसणे. समोरचा माणूस फॉर्मवर अडतो, बोट पडद्याच्या वर नुसते फिरत राहते आणि तो विचारतो, “इथे काय करायचं?” उत्तर तोंडावर आलेले असते, तरी विचारायचे असते ते इतकेच : “मी इथे नसतो तर तुम्ही काय केलं असतं?”

चित्रांचे काम इथे छापील चित्रापेक्षा वेगळे पडते. शोधाला काहीच निकाल मिळाला नाही, अशा पानावरचे लहानसे चित्र घ्या. ते बहुधा एसव्हीजी स्वरूपात जाते. २००१ पासून हे अधिकृत वेब मानक आहे आणि त्यात चित्र मजकुरासारखे लिहिलेले असते : रेघा म्हणजे आकडे, वळणे म्हणजे बेझिए वक्र, अर्थात काही बिंदूंवरून गणिताने ठरणाऱ्या वक्र रेषा. कोड येणारा चित्रकार आकृतीचा हात वेगळ्या गटात ठेवतो, म्हणजे पुढे तो हलवता येतो. रेघेला ठरावीक रंग न देता ‘करंटकलर’ देतो, म्हणजे पानाच्या गडद रूपात रेघ आपोआप मजकुराचा रंग घेते. लांबी-रुंदी आधीच नोंदवतो, म्हणजे चित्र उमटताना खालचा मजकूर उडी मारत नाही. चित्र निव्वळ सजावटीचे असेल तर त्याचे पर्यायी वर्णन मुद्दाम रिकामे ठेवतो, म्हणजे स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) ते वगळून पुढे जातो. चित्रातच माहिती असेल तर ती शब्दांत लिहावीच लागते.

रंगांची गोष्ट याहून बारीक आहे. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांच्या मधल्या पातळीनुसार, साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातले तेजाचे प्रमाण निदान ४.५ : १ हवे. ७७७७७७ या क्रमांकाचा करडा रंग पांढऱ्यावर ४.४८ भरतो आणि नापास होतो. ७६७६७६ हा रंग ४.५४ भरतो आणि पास होतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. फिकट, हळवे रंग आवडणाऱ्या चित्रकाराला हा नियम जाचतो खरा, पण मंद नजर असलेल्या वाचकासाठी तो किमान आहे.

२०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह’, म्हणजे पडद्याच्या रुंदीनुसार बदलणाऱ्या मांडणीची कल्पना मांडल्यापासून एकच चित्र अनेक रुंदींत विचार करून काढावे लागते. आडवे दृश्य फोनवर नुसते लहान केले तर त्यातली माणसे ठिपके होतात. त्यापेक्षा अरुंद पडद्यासाठी वेगळी चौकट निवडलेली बरी.

या क्षेत्रात पदवीपेक्षा पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामांचा संग्रह, जास्त पाहिला जातो. त्यात फक्त अंतिम पडदे असतील तर ते फारसे काही सांगत नाहीत. टाकून दिलेली रेखाटने आणि ती का टाकली, हे जास्त सांगते. तिन्ही अंगांत सारखीच खोली येणे विरळा. बहुतेकांचे एक अंग मुख्य राहते आणि उरलेली दोन त्याला आधार देतात. एका पगारात तीन माणसांचे काम मागणाऱ्या जाहिराती असतात, त्यांपासून जपावे. फ्रीलान्स करारात चित्रांचे हक्क आणि कोडचे हक्क वेगळे लिहावेत, कारण तेच चित्र उद्या छापील जाहिरातीत वापरले जाऊ शकते.

तिन्ही कामे एकाच हातात असण्याचा एक तोटाही आहे. दुसऱ्याचे चित्र चाचणीत आड येत असेल तर सहज काढून टाकता येते. स्वतः तीन रात्री बसून काढलेले काढून टाकवत नाही. त्याच्या बाजूची कारणे लगेच सुचतात आणि प्रश्न विचारतानाही सूर नकळत बदलतो. म्हणून असे काम करणारे अनुभवी लोक आपल्या चित्रांची चाचणी सहकाऱ्याकडे सोपवतात आणि स्वतः शेजारच्या खोलीत बसून नुसते ऐकतात.