बडोद्यात भाड्यासाठी घर घ्यायचंय? कर्जाची पात्रता, कागदपत्रं आणि क्रम

दांडिया बाजारात नाहीतर कारेलीबागेत राहतं घर आहे, आता वासणा-भायलीकडे एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा, असा विचार बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत चालू असतो. आपल्याकडे आधी बिल्डरला टोकन देतात, मग बानाखत (विक्रीचा करार) करतात आणि त्यानंतर बँकेची पायरी चढतात. गुंतवणुकीच्या घरासाठी हा क्रम उलटा ठेवा. आधी बँकेकडून पात्रतेचा आकडा घ्या, मग मालमत्तेचे कागद वकिलाला दाखवा, बानाखत त्यानंतर. बानाखतात एक कलम आवर्जून घालून घ्या: टायटलमुळे, म्हणजे मालकी हक्कातल्या दोषामुळे, कर्ज नाकारलं गेलं तर दिलेली रक्कम परत. तोंडी आश्वासनाला इथे काही अर्थ नाही.

हे तुमचं कितवं घर?

अर्जात हा प्रश्न असतोच. दुसऱ्या घरालाही साधं गृहकर्ज मिळतं. तिसऱ्या घरापासून मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते व्यावसायिक स्थावर मालमत्तेचं कर्ज धरलं जातं, त्यामुळे व्याजदर आणि मार्जिन (किमतीतला तुम्ही स्वतः भरायचा वाटा) दोन्ही वाढू शकतात. जुन्या वाड्यातला हिस्सा, आधीचं चालू गृहकर्ज, सगळं अर्जात लिहा. लपवलेलं कर्ज क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतंच.

दुकान किंवा ऑफिससाठी गृहकर्ज नाही, त्याचं कर्ज वेगळं. प्लॉटसाठी बँक तुमच्याकडून घर बांधण्याचं लेखी निवेदन घेते आणि मुदतही घालते. तेव्हा प्लॉट नुसता तसाच ठेवायचा आणि भाव आला की विकायचा, हा बेत प्लॉट लोनवर रचू नका. एनए (बिनशेती) न झालेल्या शेतजमिनीसाठी तर गृहकर्जाचा विषयच नाही.

खिशातून किती जातील?

गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. ही वरची मर्यादा झाली, हक्क नव्हे. समजा बीयू परमिशन (इमारत वापरण्याची परवानगी) मिळालेला ४८ लाखांचा फ्लॅट आहे. कर्ज जास्तीत जास्त ३८ लाख ४० हजार, म्हणजे मार्जिन ९ लाख ६० हजार. गुजरातची स्टॅम्प ड्यूटी ४.९ टक्के, म्हणजे २ लाख ३५ हजार २००. नोंदणी फी १ टक्का, ४८ हजार. एकूण १२ लाख ४३ हजार २०० रुपये स्वतःचे हवेत, कारण इतक्या किमतीच्या घराला ड्यूटी आणि नोंदणी कर्जाच्या हिशेबात धरत नाहीत. वकील, व्हॅल्युएशन, प्रोसेसिंग फी निराळी. दस्तावेज (विक्रीखत) फक्त बाईच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ आहे, पण पतीचंही नाव घातलं की सवलत गेली. बीयू आलेली नसेल तर वरून जीएसटीही लागेल.

‘दस्तावेज ३५ लाखांचा करू, बाकी रोख द्या’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच उठा. बँक ३५ लाखच धरणार, उरलेले १३ लाख तुम्हीच उभे करायचे. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात विक्रेत्याने २० हजार किंवा अधिक रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. ती जबाबदारी खरेदीदाराची.

तुमचे कागद

पॅन, आधार आणि फोटो सगळ्यांनाच लागतात. नोकरदाराला बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांच्या पगारस्लिपा, दोन वर्षांचा फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. धंदेवाल्याला तीन वर्षांची रिटर्न कॉम्प्युटेशनसह, नफा-तोटा पत्रक, ताळेबंद, जीएसटी आणि गुमास्ता (दुकानाची नोंदणी). आधीच्या घराचं भाडं उत्पन्नात धरून हवं असेल तर करार आणि खात्यात जमा होणारी रक्कम दाखवा. रोखीत घेतलेलं भाडं बँकेच्या लेखी नाहीच. खात्यात आलेलंही ती पूर्ण धरेल असं नाही.

मालमत्तेचे कागद

खरी रखडपट्टी इथे होते. बानाखत, आधीच्या दस्तावेजांची अखंड साखळी, इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा), सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड किंवा ७/१२, एनए हुकूम, रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी), बीयू, ताजं वेराबिल (मालमत्ता कराचं बिल) आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र. ७/१२ गुजरात सरकारच्या एनीआरओआर साइटवर, इंडेक्स-२ नोंदणी खात्याच्या गरवी पोर्टलवर मिळतो. नव्या स्कीमचा रेरा नंबर गुजरेराच्या (गुजरातच्या रेरा प्राधिकरणाच्या) साइटवर स्वतः टाकून बघा, ब्रोशरवर छापलाय म्हणून सोडून देऊ नका. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

जुन्या शहरातलं घर घेणार असाल तर आधी विचारा, तो भाग अशांत धाऱ्यात (ठरावीक भागांतल्या मालमत्तेच्या विक्रीवर बंधन घालणारा गुजरातचा कायदा) येतो का? येत असेल तर विक्रीआधी कलेक्टरची परवानगी लागते, तिच्याशिवाय दस्तावेजाची नोंदणी होत नाही. कर्ज मंजूर होऊन पडलंय आणि परवानगी आलेली नाही, अशा वेळी मंजुरीची मुदत संपू शकते. म्हणून परवानगीचा अर्ज विक्रेत्याकडून आधी टाकून घ्या.

मंजुरीच्या वेळी

बँक ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक) देते. त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना करायची तर तो दर बघा, जाहिरातीतला नाही. विमा गळ्यात मारला असेल तर तोही इथेच सापडतो.

माझं मत विचाराल तर भाड्यातून हप्ता निघेल हे गृहीत धरू नका. ३८ लाख ४० हजारांना ८.५ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे ३३ हजार तीनशे बसतो. एवढं भाडं मिळतं का, ते त्याच सोसायटीच्या वॉचमनला विचारा, बिल्डरला नको. नव्या कर प्रणालीत असाल तर भाड्याच्या घरावरचं व्याज भाड्यातून वजा होतं, पण उरलेला तोटा पगारातून वळता करता येत नाही.

कर्ज फिटलं की बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे आहेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई मिळते. सरसाईवरचा (तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतला) बोजा उतरला का, तेही त्याच वेळी बघून घ्या. पुढे घर विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याची बँक ती नोंद तपासणारच.