शाळेतील बाळदमा व्यवस्थापन (मराठवाडा)

दमा असलेल्या मुलाचे रोजचे औषध, दमा उसळल्यावर पहिल्या काही मिनिटांत द्यायचा पंप (श्वासातून औषध ओढायचा इनहेलर) आणि वर्गातल्या धूळ-धुराचा बंदोबस्त शाळेच्या दिनक्रमात बसवण्याची पद्धत. मूल दिवसाचे पाच-सहा तास शाळेत असते आणि त्याचा पंप घरच्या फडताळात पडून असतो. दवाखाना लांब असलेल्या गावात अशा वेळी गुरुजी किंवा बाईच मुलाच्या सगळ्यात जवळ असतात.

दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला सतत थोडी सूज असते. धूळ, धूर, सर्दीचा विषाणू, थंड हवा किंवा धावपळ यांनी त्या आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि श्वास सोडताना शिट्टी वाजते. औषधे मुख्यतः दोन तऱ्हेची. साल्ब्युटामॉल आवळलेली नळी सैल करते. एका फवाऱ्यात बहुधा १०० मायक्रोग्रॅम औषध असते, पाचेक मिनिटांत आराम पडतो आणि तो चार ते सहा तास टिकतो. ब्युडेसोनाइडसारखे प्रतिबंधक औषध सूज उतरवते. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांत त्याची कमी मात्रा दिवसाला १०० ते २०० मायक्रोग्रॅम असते आणि ते बरे वाटत असतानाही रोज घ्यावे लागते. गडबड इथेच होते. आराम देणारा पंप गुण देतो म्हणून तो जपला जातो, दुसऱ्याचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो बंद पडतो. कोणता पंप कोणता हे रंगावरून ठरवू नये, कंपनीगणिक रंग बदलतात, नाव वाचावे.

मराठवाड्यात दमा कधी उसळेल याचा अंदाज पीकपाण्यावरून बांधता येतो. जूनच्या मध्यास शाळा उघडतात, पाऊस सुरू होतो आणि वर्गात सर्दी पसरते. पावसाळ्याच्या शेवटी गाजर गवत फुलते. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी चालते. खळे शाळेला लागून असले की भुसकट थेट खिडकीतून आत येते. हिवाळ्यात गार पहाट आणि पऱ्हाट्या-तुराट्यांवर पेटलेली चूल. परभणी-जालना भागात जिनिंगचा कापूसकचरा, तर वसमत-हिंगोलीकडे हळद शिजवण्याचा धूर आणि पॉलिशच्या ढोलांची पिवळी धूळ. मळणीच्या आठवड्यात त्या बाजूच्या खिडक्या लावून घेणे आणि मुलाला आतल्या बाकावर बसवणे एवढ्यानेही फरक पडतो. झाडण्याआधी पाणी शिंपडावे, फळा ओल्या फडक्याने पुसावा, शालेय पोषण आहाराची चूल वाऱ्याने धूर वर्गात येईल अशा जागी नसावी, आवारात कचरा जाळू नये. दमा असलेल्या मुलाकडे झाडण्याची पाळी देऊ नये आणि गाजर गवत कोणत्याच मुलाच्या हातांनी उपटून घेऊ नये.

निदान डॉक्टरचे काम आहे, पण संशय बहुधा शिक्षकालाच आधी येतो. रात्रभर ढास लागल्याने परिपाठाला पेंगणारे, कबड्डीच्या दुसऱ्या डावात बाजूला बसणारे, दर सर्दीला छाती घरघरणारे मूल नोंदवून ठेवावे. दोन आठवडे किंवा अधिक टिकलेला खोकला, ताप आणि वजन घटणे असेल तर क्षयाची तपासणी आधी करावी. शेंगदाणा किंवा चिंचोका खाताना अचानक ठसका लागून सुरू झालेली घरघर दमा समजू नये. वस्तू श्वासनलिकेत अडकलेली असू शकते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते आणि त्याच्या तपासणीच्या यादीत श्वासनलिकांचा हा आजार आहे. मात्र तपासणीच्या दिवशी मूल ठणठणीत असेल तर पथकाला काहीच सापडत नाही. म्हणून शिक्षकाची वही त्या दिवशी डॉक्टरसमोर ठेवणे फार मोलाचे आहे.

प्रत्येक मुलासाठी डॉक्टरने लिहिलेला एक पानी आराखडा आणि पालकांचे संमतिपत्र मुख्याध्यापकांकडे असावे. द्विशिक्षकी शाळेत दोन्ही शिक्षकांना पंप देता आला पाहिजे, कारण एक जण बैठकीला गेला की दुसराच उरतो. औषध कुलपात ठेवू नये. पत्र्याच्या वर्गात उन्हाळ्यात हवा ४० अंशांच्या वर जाते आणि पंप साधारण ३० अंशांखाली ठेवायचा असतो. आतल्या, सावलीच्या भिंतीलगतचे कपाट बरे.

पंप थेट तोंडात मारला तर बरेचसे औषध घशावर आदळून वाया जाते, म्हणून स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, हवाच. विकतचा नसेल तर ५०० मिलिलिटरची प्लास्टिकची बाटली चालते. दक्षिण आफ्रिकेतील बालरोगतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात नीट बंद केलेली अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते हे दाखवले. पंपाच्या तोंडाच्या आकाराची तार वाकवावी, तापवून बाटलीच्या बुडाला भोक पाडावे, पंप घट्ट बसवून फट डिंकाने बुजवावी. बाटलीचे तोंड मुलाच्या ओठांत जाते. फट राहिली तर मूल औषधाऐवजी बाहेरची हवा ओढते. सगळ्यात जास्त बाटल्या इथेच फसतात. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता निथळत ठेवावा. फडक्याने पुसले की प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीला चिकटते. चार वर्षांखालच्या मुलाला मास्क लागतो आणि तो नाक-तोंडावर घट्ट बसला पाहिजे. मोजणीचा आकडा नसलेल्या पंपावर सुरुवातीची तारीख लिहून फवारे वहीत मोजावेत. डबी पाण्यात तरंगवून औषध शिल्लक आहे का पाहणे भरवशाचे नाही. कॅप्सूल टाकून ओढायचे यंत्र स्वस्त असले तरी त्यात जोराचा श्वास लागतो, आणि धाप लागलेल्या लहान मुलात नेमका तोच नसतो. काही घरांत ती कॅप्सूल गिळायला दिली जाते. तिचा उपयोग होत नाही.

दमा उसळल्यास मुलाला ताठ बसवावे, आडवे करू नये, भोवतीची गर्दी हटवावी. पंप हलवून स्पेसरमध्ये एक फवारा सोडावा आणि मुलाला त्यातून चार श्वास घेऊ द्यावेत. असे एकेक करून चार फवारे द्यावेत, चार मिनिटे थांबावे, फरक नसेल तर पुन्हा चार. चारही फवारे एकदम सोडले तर थेंब एकमेकांना चिकटतात आणि छातीत कमी उतरते. दुसऱ्या फेरीनंतरही आराम नसेल तर १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. एक वाक्य सलग बोलता न येणे, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे यांपैकी काही दिसले तर पहिल्या फवाऱ्यालाच फोन लावावा. घरघर थांबली पण मूल थकत चालले, तर ते बरे झालेले नाही. हवाच आत जाईनाशी झाली आहे. अशा मुलाला एकट्याने घरी पाठवणे हा शाळेत होणारा सर्वांत घातक प्रकार आहे. साल्ब्युटामॉलने हात थरथरतात, छाती धडधडते, पण शाळेत एवढे फवारे दिल्याने धोका होत नाही. धोका न देण्यात आहे.

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना आणीबाणीसाठी साल्ब्युटामॉलचा पंप बाळगण्याची मुभा आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात प्रतिबंधक औषधाचा रोजचा डोस शाळेतच देखरेखीखाली देऊन पाहिला गेला आणि मुलांचा त्रास कमी झाला. मराठवाड्यातही ही दुसरी कल्पना पेलण्यासारखी आहे: परिपाठानंतर दोन मिनिटांत डोस, नंतर चूळ भरून थुंकणे, सुट्टीच्या दिवशी घरी डोस.

वहीत एक रकाना आराम देणाऱ्या पंपासाठी असावा. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस तो लागत असेल तर आजार आटोक्यात नाही, आणि पालकांशी त्याच आठवड्यात बोलावे. खेळ बंद करू नये. धावण्याआधी दहा-पंधरा मिनिटे अंग मोकळे करणे आणि आराखड्यात असल्यास दोन फवारे पुरतात.

"पंपाची सवय लागते" हा समज पालकसभेत दरवर्षी खोडून काढावा लागतो. मृगाला हैदराबादेत माशाचे औषध घेऊन आलेल्या घरांत प्रतिबंधक पंप बंद होण्याची भीती असते, आणि त्या औषधाने दमा बरा होतो याला वैज्ञानिक पुरावा नाही. वाद न घालता "ते घेतलंत तरी हा थांबवू नका" एवढे सांगणे जास्त उपयोगी पडते. जागतिक दमा दिन मेच्या पहिल्या मंगळवारी, म्हणजे बहुधा उन्हाळी सुट्टीत पडतो. शाळांनी ही सभा जूनमध्ये घ्यावी.

बीड-धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात. मूल हंगामी वसतिगृहात राहिले तर आराखडा आणि दोन्ही पंप तिथल्या काळजीवाहकाकडे सोपवावेत. ते फडावर गेले तर आराखड्याची प्रत, स्पेसर आणि गाळप हंगाम संपेपर्यंत पुरेल इतके औषध सोबत द्यावे; फडावर पाचट जाळतात तेव्हा मुलाला वाऱ्याने धूर येणार नाही अशा बाजूला ठेवायला आईला सांगावे.