डीलर चुकला तर दाद कुठे मागायची? गोव्याला पोकर टूर्नामेंट खेळायला जाणाऱ्या खान्देशकरांसाठी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पत्ते बसतात हे खान्देशात कुणाला सांगायला नको. झोके, सांजोऱ्या, माहेरी आलेल्या लेकी, आणि निंबाखाली सतरंजीवर रमी नाहीतर तीन पत्ती. वाटताना कुणाचा पत्ता उघडा पडला की चार जण एकदम ओरडतात, पत्ते गोळा होतात, परत पिसले जातात. वाद चिघळलाच तर आप्पा किंवा नाना म्हणतील ते खरं. ना नियमाचं पुस्तक, ना मुदत.

ही सवय घेऊन माणूस टूर्नामेंटच्या टेबलावर बसला की मार खातो. मी खाल्ला आहे. माझ्या हातात बदामाचा एक्का आणि बदामाची अठ्ठी होती. टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत बदामाची राणी, बदामाची नव्वी आणि किलवरची दुर्री. आणखी एक बदाम आला की कलर. चौथा आला चौकटचा गुलाम, पाचवी इस्पिकची दश्शी. समोरच्याने राणी-गुलाम दाखवले, दोन जोड्या. मी वैतागून पत्ते उघडे टाकले, डीलरने, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या कर्मचाऱ्याने, पॉट (डावात लागलेले सगळे चिप्स) तिकडे सरकवला आणि मी पाण्याची बाटली उघडली. पुढच्या डावाचे पत्ते हातात येता येता शेजारचा नागपूरचा मुलगा म्हणाला, "भाऊ, तुमची तर सिक्वेन्स होती नं."

अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी. दोन जोड्यांपेक्षा वरचढ, आणि सगळ्यांसमोर पडलेली. डीलरला दिसली नाही, मलाही नाही. मी बदामच शोधत बसलो होतो. फ्लोअरला, म्हणजे टेबलावरचे वाद सोडवणाऱ्या अधिकाऱ्याला, बोलावलं. त्याने एकच विचारलं: नवा डाव पिसायला सुरुवात झाली होती का? झाली होती. विषय संपला.

म्हणून ही माहिती, सरकारी योजनेची देतात तशीच: पात्रता, कागदपत्रं, मुदत, अर्ज कुठे करायचा. फरक इतकाच की हा अर्ज तोंडी असतो आणि त्याची मुदत कधीकधी पाच-दहा सेकंदांची.

खेळायचं कुठे, आणि कोणी

जळगाव, धुळे, नंदुरबार यांपैकी कुठेही पैसे लावून पोकरचा अड्डा चालवणं महाराष्ट्राच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कचाट्यात येतं. राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगारच ठरवलं. नवापूरचं स्टेशन अर्धं इकडे, अर्धं तिकडे. पोकर मात्र दोन्हीकडे बसत नाही. मोबाइलवरचा पैशांचा पोकर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाला. तेव्हा आपल्या माणसाला जवळचा कायदेशीर रस्ता म्हणजे गोव्याचे कॅसिनो. भुसावळहून गोवा एक्स्प्रेस थेट वास्कोला जाते.

वय २१ पूर्ण हवं. अठराव्या वर्षी मतदान करता येतं म्हणून तिथे आत सोडत नाहीत. गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला मनाई आहे. हे आपल्याला कशाला, असं वाटेल; पण वेर्ण्याला किंवा वास्कोला नोकरीला असलेल्या पोरांनी आधारवरचा पत्ता गोव्याचा करून घेतला असेल तर दारावर काय होईल याचा विचार निघण्याआधी करावा.

कागदपत्रं

फोटो असलेलं मूळ सरकारी ओळखपत्र (आधार, पासपोर्ट, वाहन परवाना यांपैकी एक) आणि पॅन कार्ड. दोन्हींवरचं नाव एकसारखं असू द्या. आपल्याकडे एका कार्डावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर आडनाव आधी, असा गोंधळ घरोघरी असतो आणि तो नेमका बक्षीस घ्यायच्या खिडकीवर उघडा पडतो. नोंदणी झाली की टेबल आणि खुर्चीचा नंबर असलेली चिठ्ठी मिळते. ती आणि पैसे भरल्याची पावती शेवटपर्यंत खिशात ठेवा.

आणखी एक कागद कुणी मागत नाही, पण तुम्ही मागायचा: त्या टूर्नामेंटची नियमावली. बहुतेक ठिकाणी २००१ मध्ये स्थापन झालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे, म्हणजे टीडीएचे नियम पायाला असतात आणि वर त्या कॅसिनोची स्वतःची कलमं. खाली जे सांगतोय ते टीडीएला धरून आहे. घरचं कलम वेगळं असेल तर तेच चालेल.

तक्रार कोण करू शकतो

पॉट चुकीच्या माणसाकडे चाललाय किंवा उघडे पत्ते चुकीचे वाचले गेलेत, असं दिसलं तर टेबलावरचा कुठलाही खेळाडू बोलू शकतो. त्या डावात नसलेलाही. नुसतं चालतं असं नाही, नियमाने त्याने बोलायलाच हवं. नागपूरचा तो मुलगा दहा सेकंद आधी बोलला असता तर माझे चिप्स परत आले असते. आपल्याकडे "आपल्याला काय करायचंय, ज्याचं त्याला" म्हणून गप्प बसण्याला शहाणपण समजतात. तिथे ते शहाणपण नाही.

पण एक मर्यादा आहे. डाव चालू असताना कुणाकडे काय असेल, त्याने काय करावं, यावर तोंड उघडायचं नाही. एका डावाला एकच खेळाडू. आणि शेवटी कुणी पत्ते न उघडता, पालथेच फेकायला निघाला असेल तर "अरे, तुझी सिक्वेन्स आहे" असंही सांगायचं नाही. उघडलेल्या पत्त्यांबद्दल बोला, झाकलेल्यांबद्दल नाही. भाषाही ठरलेली असते, इंग्रजी किंवा हिंदी. डाव चालू असताना जळगावचे दोघं एकमेकांशी अहिराणीत "आते काय भो?" एवढं जरी बोलले तरी डीलर ताकीद देतो. तुम्ही तापी-गिरणेच्या पुराबद्दल बोलत होतात हे त्याला कसं कळणार?

मुदत: सगळं इथेच अडतं

उघड्या पत्त्यांच्या वाचनावरची हरकत पुढचा डाव सुरू होईपर्यंतच. आणि डाव सुरू होतो तो पत्ते वाटल्यावर नाही. डीलरने पत्त्यांची पहिली पिसणी केली, तो क्षण. मशीनने पिसत असतील तर तिचं हिरवं बटण दाबलं, तो क्षण. डीलरच्या अंगठ्याखाली पत्त्यांचा फर्रर्र आवाज झाला की अर्जाची खिडकी बंद.

पॉटचा हिशोब चुकला असेल, चिप्स कमी-जास्त दिले गेले असतील, तर थोडी जास्त मुभा आहे: पुढच्या डावात ठोस खेळी होईपर्यंत. ठोस खेळी म्हणजे क्रमाने झालेल्या दोन चाली, ज्यांतल्या निदान एकीने पॉटमध्ये चिप्स गेले. किंवा कुठल्याही तीन चाली. सुरुवातीचे ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच भरावे लागणारे चिप्स, त्यात धरत नाहीत. डाव नेमका चहाच्या सुट्टीला संपला, तर पॉट दिल्यापासून एक मिनिट. बाहेर जाऊन मित्राला फोनवर सगळा डाव सांगून, त्याचं मत घेऊन परत आलात तर काही उपयोग नाही.

म्हणून मी आता पत्ते उघडल्यावर डीलर काय म्हणतो ते ऐकत नाही. बोट ठेवून पाच पत्ते स्वतः मोजतो. हसतात लोक. हसू दे.

फ्लोअरला बोलावल्यावर

"फ्लोअर!" असं मोठ्याने म्हणा आणि डीलरला म्हणा, "थांबा, पत्ते जागेवर राहू द्या." डीलरने पत्ते गोळा करून मकमध्ये, म्हणजे टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात, मिसळले की पुरावा गेला. तुम्ही मात्र पॉटला, बोर्डला (टेबलावरच्या सामाईक पत्त्यांना), ढिगाला हात लावू नका. हात लावला की संशय तुमच्यावर.

फ्लोअर आधी डीलरला विचारतो, मग खेळाडूंना. तुमची पाळी आली की घडलं त्या क्रमाने सांगा: कुणी किती लावले, कोण बोललं, पत्ता कधी उघडला. डाव अजून जिवंत असेल तर स्वतःचे पत्ते काय आहेत ते चुकूनही सांगू नका. "मागच्या वेळीही हाच डीलर होता", "मी इतक्या लांबून आलोय" हे सगळं घरी काकूंना सांगा. फ्लोअरला त्याचा उपयोग नाही आणि तिकडे ठरावीक वेळाने ब्लाइंड वाढवणारं घड्याळ चालूच असतं.

कोणत्या चुकीला काय मिळतं

पहिली गंमत हीच की आखाजीचा नियम इथे चालत नाही. वाटताना एखादा पत्ता उघडा पडला म्हणून डाव मोडत नाही. वाटलेल्या अगदी पहिल्या दोन पत्त्यांपैकी एखादा डीलरच्या चुकीने उघडला, किंवा नंतरचे कुठलेही दोन उघडले, तर मोडतो. नाहीतर तो एक पत्ता बदलून मिळतो आणि उघडा पडलेला बर्न कार्ड, म्हणजे खेळात न घेता टाकून द्यायचा पत्ता, म्हणून बाजूला जातो. चुकीच्या खुर्चीपासून वाटायला सुरुवात झाली, किंवा हक्काच्या माणसाला पत्तेच मिळाले नाहीत, तरी डाव मोडतो. पण ठोस खेळी व्हायच्या आत लक्षात आणून दिलं तरच. तिसऱ्या माणसाची चाल झाल्यावर "मला एकच पत्ता आलाय" म्हणालात तर डाव पुढे जाणार, तुमच्याविना. मोडलेला डाव परत वाटताना डीलरचं बटण, म्हणजे वाटपाची पाळी दाखवणारी चकती, सरकत नाही, सगळं होतं तसंच राहतं.

फ्लॉपला, म्हणजे टेबलावर पहिल्यांदा उघडणाऱ्या पत्त्यांना, तीनऐवजी चार पत्ते आले तर डीलर चारही पालथे करून मिसळतो, फ्लोअर त्यातला एक न बघता उचलतो, तो पुढचा बर्न, उरलेले तीन फ्लॉप. तो हवा असलेला एक्का गेला म्हणून रडायचं नाही.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते चौथा पत्ता घाईने उघडला की. मधल्या एकाची पाळी राहिलेली असते आणि डीलरने पत्ता टाकलेला असतो. अशा वेळी प्रचलित रीत अशी: तो पत्ता बाजूला ठेवायचा, राहिलेल्या बोली पूर्ण करायच्या, मग एक बर्न करून जो पाचवा आला असता तो चौथ्याच्या जागी. त्यावरच्या बोली झाल्या की बाजूला ठेवलेला पत्ता उरलेल्या गड्डीत घालून पिसायचा आणि पाचवा काढायचा, या वेळी बर्न न करता. दिसायला विचित्र वाटतं, पण त्या पत्त्याला परत यायची संधी राहते आणि कुणाचाच हक्क पूर्ण बुडत नाही. मला तरी याहून न्याय्य काही सुचत नाही.

दोन चुकांना मात्र दाद जवळजवळ नाही. एक, डीलरने तुमचे जिवंत पत्ते चुकून ओढून मकमध्ये घातले. पत्ते सांभाळणं तुमचं काम. भरलेले चिप्स गेले. तुम्ही वाढवलेली बोली कुणी स्वीकारली नसेल तर तेवढीच परत मिळते. डीलरच्या अगदी शेजारच्या खुर्च्यांवर हे हमखास घडतं. तिथे बसलात तर पत्त्यांवर एक चिप ठेवून द्या. दोन, समोरच्याचे ऑल-इन, म्हणजे होते नव्हते ते सगळे लावलेले, चिप्स डीलरने १८,००० सांगितले, तुम्ही पुढे सरकवले आणि निघाले २८,०००, कारण मोठी चिप ढिगाखाली दडलेली होती. नियम म्हणतो, मोजून घेणं तुमचं काम. २८,००० भरा. फारच मोठी दिशाभूल असेल तर टूर्नामेंट डायरेक्टर, म्हणजे स्पर्धेचा प्रमुख, न्यायबुद्धीने वेगळं ठरवू शकतो, तेवढी फट पहिल्याच नियमात ठेवली आहे. आपले पत्ते टेबलावर उघडे होते आणि उघड उघड जिंकणारे होते, तर मात्र डीलरला ते मारता येत नाहीत. म्हणून जिंकलो वाटलं की दोन्ही पत्ते सुलटे, सपाट, टेबलावर. हातात नाचवून दाखवू नका.

निर्णय पटला नाही तर

फ्लोअरचा शब्द शेवटचा, असं नियमच सांगतो. तरी व्यवहारात पुढची खेळी सुरू व्हायच्या आधी एकदा, आवाज न चढवता, "टूर्नामेंट डायरेक्टरला विचारता येईल का?" असं म्हणता येतं आणि बहुतेक ठिकाणी तो येतो. त्याने सांगितलं की बसा. त्यानंतर हुज्जत घातली तर आधी ताकीद, मग एक डाव किंवा एक फेरी टेबलाबाहेर. बाहेर असताना तुमचे ब्लाइंड कापले जातातच. शेवटची पायरी बाद होण्याची, त्यात चिप्सही खेळातून जातात.

लेखी अर्जही करता येतो: तारीख, स्पर्धेचं नाव, टेबल आणि खुर्ची, ब्लाइंड किती चालू होते, साधारण वेळ, बोर्डवरचे पाच पत्ते, डीलरने काय केलं, फ्लोअर काय म्हणाला. कॅमेऱ्याचं चित्रण बघावं अशी विनंती त्यात घाला. पण डाव परत खेळला जाईल ही आशा सोडूनच. कागद खरा चालतो तो दुसऱ्या खिडकीवर, बक्षिसाच्या. तुमचा क्रमांक चुकीचा लागला, रक्कम कमी मिळाली, पॅनचा एक आकडा चुकला, याला पावती आणि चिठ्ठी दाखवून दुरुस्ती होते, आणि ती तिथून निघायच्या आतच करून घ्यायची. १०,००० रुपयांवरच्या बक्षिसातून ३० टक्के टीडीएस कापला जातो. विवरणपत्र भरताना त्या कमाईतून गाडीभाडं, हॉटेल असला खर्च वजा करता येत नाही. कापलेला कर आयकर पोर्टलवर आपल्या नावावर दिसतोय ना, हे घरी आल्यावर एकदा बघून घ्या. नसेल दिसत तर प्रमाणपत्रासाठी ईमेल करा आणि त्यात पावतीचा फोटो जोडा.