पैंजण, पासपोर्ट फोटो आणि ड्रोन: तालुक्याच्या फोटोग्राफरचं काम असं कसं झालं

मागच्या आठवड्यातली माझी कामं आधी सांगतो म्हणजे विषय लक्षात येईल. सोमवारी हुपरीच्या एका चांदीवाल्यांची पैंजणं, बावीस डिझाईन, सगळी पांढऱ्या बॅकग्राउंडवर. मंगळवारी पासपोर्ट साईज आणि एका आजींच्या लग्नातल्या फाटक्या फोटोची कॉपी, बुधवारी बेदाण्याच्या पाकिटांचे टेबलटॉप, म्हणजे टेबलावर मांडून काढलेले मालाचे फोटो, गुरुवारी डोहाळजेवण आणि शनिवारी सकाळी सातला तासगावकडच्या एका द्राक्षबागेवर ड्रोन. वडील सांगलीजवळ स्टुडिओ चालवायचे तेव्हा यातली दोनच कामं होती, समारंभ आणि पासपोर्ट. आता माझ्याकडे शिकायला येणारी पोरं विचारतात, दादा हे टेबलटॉप नि ड्रोन सगळं मोबाईल आल्यावरच सुरू झालं ना? तर नाही. ही दोन्ही कामं जवळजवळ फोटोग्राफीइतकीच जुनी आहेत, फक्त आपल्या तालुक्यापर्यंत यायला त्यांना दीडशेच्या वर वर्षं लागली, आणि ती का लागली ते सांगण्यासारखं आहे.

सुरुवात टेबलापासूनच झाली. फोटोग्राफीची घोषणा पॅरिसमध्ये १८३९ ला झाली, पण त्याच्या दोन वर्षं आधी, १८३७ ला ही पद्धत शोधणाऱ्या दागेरनं जी प्लेट केली ती माणसाची नव्हतीच, स्टुडिओच्या कोपऱ्यात मांडलेले प्लास्टरचे पुतळे नि असलंच सामान होतं. कारण साधं, एक्सपोजरला कितीतरी मिनिटं लागायची, तेवढा वेळ माणूस हलल्याशिवाय बसत नाही, वस्तू बसते. इंग्लंडात कागदावरच्या फोटोची पद्धत काढणाऱ्या टॅलबॉटनं १८४४ पासून फोटोंचं पुस्तक हप्त्याहप्त्यानं काढलं, त्यात चिनीमातीच्या भांड्यांनी भरलेल्या फळ्यांचा फोटो आहे, काचेच्या वस्तूंचा वेगळा आहे. आणि त्यानं तेव्हाच लिहून ठेवलंय की एवढ्या संग्रहाची यादी हातानं करायला वेळ लागेल पण फोटोत सगळं एकदम येतं, आणि उद्या चोरी झालीच तर हा फोटो कोर्टात पुढे करता येईल. हुपरीचे मालक मला सोमवारी जवळजवळ हेच म्हणाले, की कॅटलॉगचं काम होईल आणि कुठलं डिझाईन कुठल्या दुकानात गेलं त्याचा हिशोबही राहील. मला ते ऐकून फार बरं वाटलं.

चांदीचा फोटो काढायचा म्हणजे खरं तर चांदीत जे दिसतं त्याचा फोटो काढायचा. पॉलिश केलेलं पैंजण आरशासारखं असतं, त्यात छत, खिडकी, माझा शर्ट सगळं उतरतं, एकेका घुंगराच्या पोटावर एक बारीक काळा ठिपका दिसतो, तो ठिपका म्हणजे माझी लेन्स. मग चारी बाजूंनी ट्रेसिंग पेपर लावून तंबू करायचा, लाईट बाहेरून मारायचा, समोर लेन्सपुरतं भोक ठेवायचं. पण सगळीकडून पांढरंच झालं की चांदी मेल्यासारखी दिसते, ॲल्युमिनियम वाटतं, म्हणून परत काळ्या कार्डशीटच्या बोटभर पट्ट्या कापून कडेला उभ्या करायच्या, त्यांची काळी रेघ कडीच्या अंगावर पडली की मग उठाव येतो. एका पैंजणाला यात अर्धा तास सहज जातो आणि क्लिक एका क्षणाचं असतं. पोरांना मी हे काम सगळ्यात आधी देतो, कारण लाईट कुठून येतोय ते जेवढं घुंगरू शिकवतं तेवढं कुणी शिकवत नाही.

आता मुंबईचं. मुंबईत कॅमेरा फार लवकर आला, १८५४ ला फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली, तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी होते आणि ते स्वतः फोटो काढायचे, म्हणजे शोध जाहीर होऊन वीस वर्षं व्हायच्या आत आपली माणसं यात होती हे विसरता कामा नये. पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्टुडिओ चालवला. पण हे सगळं मुंबईतच राहिलं, कारण तेव्हाची पद्धत ओल्या प्लेटची. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, चांदीच्या क्षारात बुडवायचं, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच डेव्हलप करायची, दहा-पंधरा मिनिटांत सगळं उरकायला हवं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर त्याहून लवकर वाळणार. कॅमेरा न्यायचा म्हणजे अख्खी डार्करूम न्यायची. १८८० च्या आसपास कारखान्यात बनलेल्या ड्राय प्लेट मिळायला लागल्या तेव्हा कुठे ही दगदग संपली, आणि मग गावोगावी जे पोचलं ते पोर्ट्रेट, कारण पैसे देणारं गिऱ्हाईक तेच होतं. खुर्ची, फुलदाणी, मागे रंगवलेला पडदा. कोल्हापूरला तर पडदे रंगवणारे हातच थोर होते, बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवायचे आणि पुढे सिनेमाचा कॅमेरा त्यांनी तिथंच तयार केला.

इथं दादासाहेब फाळक्यांचं नाव घेतलंच पाहिजे, सिनेमासाठी नव्हे, टेबलटॉपसाठी. त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकली, गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, म्हणजे ते आधी आपल्याच धंद्यातले. इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर १९१२ ला त्यांनी काय केलं, तर एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी ठेवला आणि महिनाभराहून जास्त दिवस थोड्या थोड्या फ्रेम घेत राहिले, पडद्यावर बघताना बी उगवून वेल वर चढताना दिसला, आणि ते बघूनच पुढच्या मोठ्या कामाला भांडवल मिळालं. आज आपण टाइमलॅप्स म्हणतो ते हेच. कुंडी, वाटाणा आणि धीर, एवढ्यावर.

टेबलटॉपचा धंदा मात्र मुंबईच्या जाहिरात कंपन्यांनी उभा केला. गिरगावात बी. दत्ताराम अँड कंपनी १९०५ ला सुरू झाली, पण सुरुवातीच्या काळात वर्तमानपत्राच्या कागदावर फोटो नीट उमटायचा नाही, छपाईच्या ब्लॉकमधून नुसता काळा चिखल उमटायचा, म्हणून साबण नि तेलाच्या बाटल्या चित्रकारच काढून द्यायचे. छपाई सुधारत गेली तसा फोटो आला. स्वातंत्र्यानंतर मित्तर बेदींनी मुंबईत बसून कारखान्यांचे, यंत्रांचे, मालाचे असे फोटो काढले की कारखान्याचा फोटो हे वेगळं काम आहे हे देशाला कळलं. पण त्याला मोठ्या फॉरमॅटचा कॅमेरा, महागडी ट्रान्स्परन्सी म्हणजे स्लाइडची फिल्म, आधी झटपट निघणारा पोलरॉइड फोटो काढून तपासणं, स्टुडिओ फ्लॅश, असा खर्च होता आणि तो साबणाच्या कंपनीला परवडायचा, बेदाण्याच्या व्यापाऱ्याला नाही.

वडिलांच्या स्टुडिओत याशिका कॅमेरा होता, १२० चा रोल, बारा फोटो. ओर्वो कंपनीचे रोल यायचे, उटीच्या कारखान्यातला इंदू फिल्मचा माल यायचा. आत लाल बल्ब, हायपोचा वास, तारेला चिमट्यांनी लावलेल्या निगेटिव्ह. बारातला एक फोटो हळदीच्या पाकिटावर घालवा असं कुणी म्हणणारच नव्हतं, लग्नातसुद्धा ते मंगलाष्टका, सप्तपदी, जेवणाची पंगत असे मोजून क्लिक करायचे. खरा आधार पासपोर्ट साईजचा. १९९३ पासून मतदारांना फोटोचं ओळखपत्र द्यायचं ठरलं, फॉर्म कुठलाही असो त्यावर फोटो डकवायचा चौकोन आला, आणि त्या चौकोनावर आमच्या घरची शिक्षणं झाली. मग २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबारच्या टेंभली गावात पहिली आधार कार्डं दिली गेली आणि फोटो तिथंच वेबकॅमवर निघाला. तेव्हा वडिलांनी पेपर वाचून घडी घालून ठेवला आणि म्हणाले, आता दुसरं काहीतरी शिकून घे. ते अगदी बरोबर बोलले होते.

आता वरच्या फोटोंकडे येतो. पॅरिसच्या नादार नावाच्या फोटोग्राफरनं १८५८ ला बलूनमधून फोटो काढायचा ध्यास घेतला. पद्धत तीच ओल्या प्लेटची, म्हणजे टोपलीत उभं राहून, अंधारी कनात लावून, हवेत लोंबकळत प्लेट तयार करायची. प्लेट दरवेळी काळी पडायची, कळेना का, मग लक्षात आलं की बलूनच्या तोंडातून गळणाऱ्या गॅसमुळे प्लेटवरची चांदी काळी पडतेय. तोंड बंद करून वर गेला तेव्हा पॅरिसजवळच्या एका खेड्याचा फोटो मिळाला, तो पुढे हरवला. आज टिकून असलेला सगळ्यात जुना हवाई फोटो बोस्टनचा, जेम्स ब्लॅकनं १८६० ला बलूनमधून घेतलेला. १८८८ ला फ्रान्सातल्या लाब्रुग्येर गावात आर्थर बात्युतनं पतंगाला कॅमेरा बांधला, शटरला जळती वात लावली, वात जळून संपली की शटर उघडणार. जर्मनीतल्या नॉयब्रोनर नावाच्या औषधवाल्यानं आपल्या कबुतरांच्या छातीवर बारका कॅमेरा बांधला, १९०८ ला पेटंट घेतलं. आणि १९०६ च्या भूकंपानंतर जळालेलं सॅन फ्रान्सिस्को जॉर्ज लॉरेन्सनं वरून टिपलं ते पतंगांची माळ लावून, कॅमेरा वीस किलोच्या वरचा. जमिनीवर उभं राहून वरचा फोटो घ्यायचा हे सुचलं होतं कधीच, कॅमेरा हलका नव्हता आणि हवेत स्थिर राहत नव्हता एवढीच अडचण.

आपल्याकडे वरून फोटो म्हणजे विमान नाहीतर हेलिकॉप्टर. उद्धव ठाकऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या गडकिल्ल्यांच्या फोटोंचं पुस्तक २०१० ला आलं, नंतर वारीचं आलं. राजकारण बाजूला ठेवून सांगतो, ज्या किल्ल्यावर आपण वीस वेळा चढलोय त्याची तटबंदी डोंगराच्या अंगावर कशी बसवलीय हे आमच्यापैकी कितीतरी जणांनी त्या फोटोंत पहिल्यांदा बघितलं. पण हेलिकॉप्टर कुठून आणायचं.

मोबाईलनं ते काम सोपं केलं, तेही आडवळणानं. फोन आडवा केला की स्क्रीन आडवी व्हावी म्हणून जे बारीक सेन्सर लाखोंनी बनायला लागले ते स्वस्त झाले, तसेच सेन्सर ड्रोनला सरळ ठेवतात, जीपीएस जागा धरून ठेवतं, लिथियम बॅटरी हलकी झाली. चीनच्या डीजेआयचा फँटम जानेवारी २०१३ मध्ये आला, पेटीतून काढा आणि उडवा. आणि त्याच वर्षी जूनमध्ये ॲमेझॉननं भारतात विक्री सुरू केली, जिथं मालाचा पहिला फोटो शुद्ध पांढऱ्यावर पाहिजे आणि फ्रेमचा ८५ टक्के भाग मालानं भरलेला पाहिजे असा नियम आहे. सहा महिन्यांच्या आत दोन्ही टोकं आली. हुपरीच्या चांदीवाल्याला फोटोची गरज पडली आणि मला आकाश परवडायला लागलं, म्हणजे लगेच नाही, तीन-चार वर्षं हप्ते फेडून, पण सुरुवात तिथून. माझ्या मते आमच्या धंद्याचं साल विचाराल तर २०१३.

ड्रोनचे नियम मागून आले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचे नियम बघणाऱ्या सरकारी खात्यानं, सूचना काढून खाजगी ड्रोन उडवणंच थांबवलं, तरी लग्नात ड्रोन दिसायचेच आणि कुणाला नीट माहिती नसायची. डिसेंबर २०१८ पासून पहिले नियम लागू झाले, ते फार किचकट, मग २५ ऑगस्ट २०२१ ला सुटसुटीत ड्रोन नियम आले. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो, आणि नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे झोन, हिरव्यात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. किल्ल्यावर उडवायचं असेल तर संरक्षित स्मारकाची परवानगी वेगळी, झोन हिरवा दिसला तरी ती लागते, आणि ती घ्याच, पोरांना हे मी कळवळून सांगतो. सरकारनंही हेच यंत्र मोजणीला घेतलं, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गावठाणाची ड्रोननं मोजणी करून बघितली आणि पुढे एप्रिल २०२० मध्ये देशभराची स्वामित्व योजना आली, ज्या घरांना कधी कागदच नव्हता त्यांना वरून काढलेल्या फोटोवरून मालमत्तेचा कागद मिळायला लागला.

शनिवारच्या बागेचं राहिलं. बागायतदाराला शेततळं आणि बागेची आखणी वरून पाहिजे होती, एक्स्पोर्टवाल्यांना दाखवायला. मी सकाळी लवकर गेलो कारण सात-साडेसातचं ऊन तिरकं असतं, सावल्या लांब पडतात आणि जमिनीचा उंचसखलपणा तेव्हाच दिसतो. १९२० च्या दशकात इंग्लंडात क्रॉफर्ड नावाच्या संशोधकानं सावल्यांसारखीच आणखी एक खूण ओळखली होती, की बुजलेल्या जुन्या भिंती नि खंदक वरून कळतात, कारण पुरलेल्या भिंतीवरचं पीक खुरटतं आणि बुजवलेल्या खड्ड्यावरचं जोमानं येतं. बागेचं झालं, बॅटरी उरली होती म्हणून बाजूच्या शाळवाच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, रानावर फेरी मारली, तर रानाच्या मधोमध एक गोल, बाकीपेक्षा गडद हिरवा, अगदी कंपासनं काढल्यासारखा. स्क्रीन मालकांच्या वडिलांना दाखवली, ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ही आमच्या आज्याची विहीर, बाहत्तरच्या दुष्काळात आटली, पुढं बुजवली, मी स्वतः गाडीनं मुरूम टाकलाय हिच्यात. बागेचे फोटो मुलाला मेल करून दिले. विहिरीचा बारा बाय अठराचा प्रिंट म्हाताऱ्यांनी मागितलाय, फ्रेम करून, मंगळवारी द्यायचाय.