पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहिलं की ड्युटी माफ?

मॉडेल रेल्वेच्या शौकिनांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: जर्मनीतल्या मित्राकडून छोटं इंजिन किंवा सुटे भाग मागवताना पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहून घ्या, कस्टम ड्युटी लागत नाही. हे चूक आहे. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या खऱ्या भेटवस्तूंना सूट होती, समज तिथूनच रुजला. डिसेंबर २०१९मध्ये ती वाट बंद झाली. अपवाद उरले फक्त राखी आणि जीवरक्षक औषधं. आता भेट खरी असली तरी ड्युटी पूर्ण भरावी लागते. विकत घेतलेल्या वस्तूला भेट म्हणणं तर सरळ खोटी माहिती देणं. माल जप्त होऊ शकतो, वर दंड. दुर्मीळ इंजिन असं गमावणं फार जिवाला लागतं. मित्राला खरी किंमत लिहायला सांगा, आणि नुसतं ‘पार्ट्स’ नको, ‘मॉडेल इंजिनाची वापरलेली मोटर’ असं नेमकं वर्णन.